रक्तप्याबद्दल आमचं मत

"त्या चादरी धुतं कोण?" मी विचारलं.

माझ्या सुनेनं, मंदानं, पुस्तकातून मान वर केली. कारखान्याच्या लांबड्या खोलीत आम्ही बायका भिंतीला पाठ लावून बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. बोटं बिड्या वळत होती आणि कान मंदाकडे होते.

"कुठल्या चादरी, आत्याबाई?"

"अगं, तो मेला रोज रात्री येऊन त्या चारुशीलेच्या मानेला डसतो. सकाळी उशी लाल, चादर लाल. तूच वाचलंस. मग दुसऱ्या रात्री परत पांढरीशुभ्र चादर येते कुठून? घरात मोलकरीण नाही, सासरा आंधळा. धुतं कोण?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहील कसा? लिहिणाऱ्यानं जन्मात कधी स्वतःचं धोतर पिळलं नसेल. रक्ताचा डाग कढत पाण्यानं जास्तच बसतो. गार पाण्यात भिजवावा लागतो, वर मीठ चोळावं लागतं. एवढं ज्याला ठाऊक नाही त्यानं रक्तावर पुस्तक लिहू नये."

बायका हसल्या. माझ्या शेजारी हलीमा बसायची. ती म्हणाली, "तान्हाबाई, पुढचं ऐकू दे की. तुला काय त्याच्या घरी धुण्याला जायचंय?"

मंदानं खाली बघितलं आणि पुढं वाचायला लागली. थोडी थांबून लागली, हे मला आज आठवतं. तेव्हा नुसतं दिसलं होतं.

ही गोष्ट सिन्नरची, बिड्यांचे कारखाने भरात होते तेव्हाची. माझी शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे लिहिताना माझी ओळ वर-खाली जाते. ज्याला सरळ ओळ पाहिजे त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

वाचायची पद्धत आमच्याकडे जुनी. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि दिवस मावळायच्या आत वाचणारीच्या वाट्याच्या बिड्या सगळ्यांनी थोड्या थोड्या वळून द्यायच्या. मुनीम काही बोलत नसे. गोष्ट चालू असली की बायकांची तोंडं बंद राहतात असं त्याला वाटायचं. फसला बिचारा. मंदाला मीच वाचायला बसवली होती. नववी शिकलेली, आवाज स्वच्छ, आणि वळायला अगदीच वाईट. तिची बिडी म्हणजे सातव्या महिन्यातली बाई, मध्येच फुगलेली. मुनीम निम्म्या बाजूला काढून टाकायचा आणि माझ्याकडे बघायचा. सून माझी, लाज माझी.

पुस्तक हलीमानं आणलं होतं. तिच्या नवऱ्याची रद्दीची हातगाडी होती. पुठ्ठा फाटून गेलेला, म्हणून पुस्तकाला नाव नव्हतं. डोंगरावरच्या गढीत एक राजा राहतो, दिवसभर मातीनं भरलेल्या पेटीत झोपतो, रात्री उठून माणसांचं रक्त पितो. खालच्या गावातल्या चारुशीलेवर त्याचा डोळा. एवढीच गोष्ट. आम्ही त्याला रक्तप्या म्हणायचो, पुस्तकालाही आणि राजालाही.

आणि त्या रक्तप्यावर जितक्या बायका तितकी मतं. हलीमा म्हणायची, "दिवसा झोपतो आन् रात्री उठून दुसऱ्याच्या जिवावर पोट भरतो. तौबा, माझ्या दिराची हीच तऱ्हा. फक्त पेटी नाही." समोर शेवंता बसायची, तोंडाची फाटकी पण हाताची वेगवान. तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं, "त्या चारूला आवडू राहिलं ते. नाहीतर खिडकीची कडी काढील कशाला? चांगली बाई आतून कडी लावून झोपते." पुस्तकातला वैद्य चारुशीलेच्या उशाशी लसणाच्या माळा बांधतो, त्यावर तर एक अख्खी दुपार गेली. शेवंता म्हणाली, "लसणानं रक्तपे पळत असते तर माझ्या घरात नवरा टिकला नसता." तेव्हा मुनीम स्वतः आत येऊन ओरडला. हसून हसून बायकांनी दोरे तोडले होते.

मंदा हसायची नाही. ती वाचायची, आम्ही बोलायला लागलो की बोट ओळीवर ठेवून थांबायची आणि एकेकीच्या तोंडाकडे बघायची. मला वाटायचं शिकलेलीचा ताठा आहे.

मग ती कुरकुर करायला लागली. "आज नको, घसा बसलाय." "आज दुसरं काहीतरी वाचू." बायका चिडायच्या. शेवंता म्हणाली, "लाडाची सून आहे बाई. आम्ही हिच्या बिड्या वळायच्या आन् हिनं घसा सांभाळायचा." माझ्या सुनेला माझ्यासमोर बोललेलं मला चालत नाही, बोलायचं तर मी बोलेन. म्हणून मीच म्हटलं, "मंदे, वाच. नाहीतर सूप घे मांडीवर."

तिनं वाचलं. मध्ये मध्ये खोकत वाचलं. तंबाखूच्या खोलीत खोकत नाही अशी बाई मला दाखवा, मी तिचे पाय धुईन. अंगानं वाळत होती, तर वाटलं, तिची बेबी झाल्यापासून अंग धरलं नाही. माझी स्वतःची तेव्हा कंबर धरलेली असायची. पहाटे पाणी, दिवसभर सूप, घरी आलं की चूल. थकलेल्या माणसाला समोरचं माणूस थकलेलं दिसत नाही. सगळं जग आपल्याच रंगाचं दिसतं.

पण मीठ दिसलं.

सकाळी मोरीत गेले की धुण्याच्या दगडाच्या कडेला मिठाचे खडे. एकदा, दोनदा, मग बऱ्याचदा. बाईच्या जातीला डाग नवे नाहीत, म्हणून मी काही बोलले नाही. पण महिन्याचं म्हणावं तर महिना संपेचना. बरणीतलं मीठ मात्र संपलं. "मीठ इतकं कसं लागतं गं?" म्हटलं, तर म्हणाली, "लोणचं घालायचंय." कैऱ्या अजून झाडाला नव्हत्या.

त्या दिवशी गोष्ट अशा जागी आली होती की चारुशीलेला उठून बसवत नाही. तोंड कागदासारखं पांढरं. तिचा नवरा विचारतो, "तुला काय होतंय?" ती म्हणते, "काही नाही, झोप झाली नाही." एवढं वाचून मंदा श्वास घ्यायला थांबली. शेवंतानं लगेच संधी साधली.

"बघा! मी काय म्हणत होते? नवरा तोंडानं विचारू राहिला तरी सांगत नाही. का नाही सांगत? चोरी आहे म्हणून."

हलीमा म्हणाली, "शरम वाटत असेल गं. आणि कोणाला खरं वाटणार?"

"शरम कसली? मला कुणी डसलं असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती."

"तुला डसायची त्याची हिंमत नाही," मी म्हटलं. "पण शेवंता म्हणते ते बरोबर आहे. माणसानं तोंड उघडावं. न सांगता मरतो तो मूर्ख."

"ती मूर्ख नाही," मंदा म्हणाली.

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा मत दिलं होतं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"तिला सगळं कळतंय," मंदा म्हणाली. बोट अजून ओळीवरच होतं. "पण सांगितलं की तिला या घरात ठेवणार नाहीत. माहेरी पोचवतील. पोर इथं ठेवून घेतील. मग तिच्या जागी दुसरी आणतील. रक्त काय, गेलं तर गेलं. घर गेलं की काहीच राहत नाही."

 शेवंतानं दातानं दोरा तोडला. म्हणाली, "पण चारूला पोर कुठंय?"

मी मंदाला विचारलं, "हे पुस्तकात आहे?"

"नाही, आत्याबाई. हे माझं मत आहे."

मी सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत भर कामात मी सूप कधी खाली ठेवलं नव्हतं. मुनीम दारातून म्हणाला, "काय हो तान्हाबाई?" मी त्याला म्हटलं, "पोटात दुखतंय," आणि मंदाचा दंड धरून तिला उठवली. दंड माझ्या मुठीत मावला.

रस्त्यावर आल्यावर विचारलं, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"मीठ किती दिवस?"

ती चालता चालता उभी राहिली. मग तिनं पदराच्या आतून एक फडकं काढलं. धुतलेलं होतं. धुतलं तरी मधोमध चहासारखा पिवळट डाग राहिला होता.

"दिवाळीच्या आधीपासून. ह्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडते. मी वाचेन, बिड्यापण नीट वळीन."

"तुझ्या बिड्या या जन्मात नीट व्हायच्या नाहीत. चल."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं छाती ऐकली, फोटो काढायला लावला, थुंकी तपासली आणि दोन दिवसांनी आम्हाला बोलावून खुर्चीवर बसवलं. क्षय म्हणाला. म्हणाला, "आजी, याला आता औषध आहे. पण सुया आणि गोळ्या न चुकता घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायच्या नाहीत, पुष्कळ महिने घ्यायच्या. लहान मुलीला जवळ निजवायचं नाही. आणि तंबाखूच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही." मी विचारलं, "हिनं जायचं कुठं?" तो म्हणाला, "कुठंही नाही. घरीच राहायचं. नीट खायचं."

सांगायला सोपं होतं त्याला.

माझा मुलगा दत्तू कामावरून आला, तेव्हा मी त्याला अंगणातच गाठला आणि सांगितलं. तो बराच वेळ पायातली चप्पल काढत राहिला. मग म्हणाला, "मग तिला चांदवडला पोचवून येतो."

"कशाला?"

"तिचं माहेर आहे. आई करील तिची. इथं तू दिवसभर कारखान्यात, मी कामावर. बेबी लहान. लोक पाणी प्यायला येणार नाहीत आपल्याकडे. बरी झाली की आणू."

"कोण आणील?"

"मीच आणीन. दुसरं कोण?"

"तुझे दाजी असंच म्हणाले होते," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. माझी लेक सुली, दत्तूची मोठी बहीण. तिच्या नवऱ्यानं तिला टांग्यातून आमच्या दारात आणून उतरवलं होतं. पाणीसुद्धा न पिता तो म्हणाला होता, "बरी झाली की नेतो." बोलताना आवाज अगदी गोड. सुली रोज तोंड धुवून, केस विंचरून दाराशी बसायची. तिला औषध मिळत होतं, मी स्वतः देत होते. तिकडून त्याचं दुसरं लग्न ठरल्याची बातमी आली. त्या दिवसापासून तिनं गोळी गिळली नाही. गालात धरायची आणि मी वळले की थुंकायची. तिच्या मागं गादी उचलली तेव्हा गोळ्या सापडल्या. लोक म्हणाले क्षयानं गेली. लोकांना काय कळतं.

हे मी दत्तूला सगळं सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं. फक्त एवढं म्हटलं, "ती या घरात राहील. माझ्या खोलीत. ज्याला भीती वाटते त्यानं चांदवडला जावं. तुझी सासू चांगली आहे, दोन वेळा वाढील."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक येतील तेव्हा मला हाक मार. मी बोलते लोकांशी."

तो रागानं वळकटी घेऊन तालमीत निजायला गेला. पाच-सहा दिवस गेला. नंतर एका सकाळी मुकाट्यानं आला, मोरीत हंडा भरला आणि मंदासाठी अंडी उकडायला ठेवली. कशी उकडतात ते त्याला माहीत नव्हतं. पाणी आटून पातेलं काळं झालं. मी शिव्या दिल्या. पण त्यानं पातेलं घासलं.

कारखान्यात मी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत उभं राहून सांगितलं, "मंदाला क्षय झालाय. घरी आहे. औषध चालू आहे. कोणाला काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, पाठीमागं बोललात तर मला कळतं."

शेवंतानं सूप ओढून घेतलं, जसं काही मंदा अजून तिथंच बसली होती. "इतके दिवस आमच्यात बसत होती ती," ती म्हणाली. "माझ्या घरी तीन पोरं आहेत, तान्हाबाई."

"मग पोरांना दवाखान्यात ने आणि छाती दाखव. तूही दाखव. मीही दाखवली."

हलीमा बिडीचं टोक नखानं मुडपत म्हणाली, "माझी सासू ह्याच खोकल्यानं गेली. शेवटपर्यंत मीच केलं तिचं. मी मेले का गं शेवंते?"

"तू कशाला मरशील? तू मेल्यावर आमची थट्टा कोण करील?"

मग नुसती कात्रीची कचकच. अशी शांतता त्या खोलीत नवीनच होती, मुनीमसुद्धा डोकावून गेला. शेवटी शेवंताच म्हणाली, "पण त्या चारूचं पुढं काय झालं?"

"हां, ते राहिलंच की. आता वाचील कोण?" हलीमा म्हणाली.

"मी," मी म्हटलं.

हसल्या सगळ्या. हसू दे. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी ते सुपावर ठेवलं आणि बोटानं एक एक अक्षर दाबत वाचायला लागले. रा-जा-नं पे-टी-चं झा-कण. जोडाक्षर आलं की मी त्याच्यावरून उडी मारायचे. मंदा एका दमात जेवढं वाचायची, तेवढं वाचायला मला अख्खी दुपार लागली. शेवंता म्हणाली, "तान्हाबाई, ह्या वाचण्याबद्दल तुला बिड्या वळून द्यायच्या की तुझ्याकडून दंड घ्यायचा?" तरी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाचणारीचा वाटा भरला. शेवंताचा हात त्यात पहिला होता, हे सांगितलं पाहिजे. मला ती आवडत नाही, पण खरं ते खरं.

अशी घसटत घसटत मी रक्तप्याच्या शेवटाला पोचले. मंदाला तोवर पुष्कळ सुया टोचून झाल्या होत्या. दोन्ही कुल्ल्यांवर सुईला जागा उरली नव्हती. कानात शिट्ट्या वाजतात म्हणायची, तोंडाला चव नाही म्हणायची. आणि मग एक दिवस गोळ्यांची पुडी तिनं हातात घेतली आणि तशीच मुठीत धरून बसली.

तशी मूठ मी सुलीची पाहिली होती.

मी तिच्या समोर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुस्तक संपलं आज."

"हो? काय झालं शेवटी?"

"काय व्हायचंय? तिचा भाऊ आला मुंबईहून. राजाच्या छातीत पहार घातली. चारू बरी झाली. अंग धरलं तिनं, गालाला लाली आली. गावजेवण झालं."

मंदा मग म्हणाली, "आत्याबाई, शेवट मी पहिल्याच दिवशी वाचला होता. मला सवय आहे, आधी शेवटचं पान बघायची."

 खोटं पकडलं गेलं की मी दुसऱ्याला रागावते, पण त्या दिवशी रागही आला नाही. 

"ती मरते," मंदा म्हणाली. "कोणाला काही कळायच्या आत. सकाळी सासरा हाक मारतो आणि ती उठत नाही."

"माहीत होतं तर मग रोज वाचत कशाला होतीस?"

"तुम्ही सगळ्या काय काय बोलायच्या, ते ऐकायला. शेवंतामावशी म्हणायच्या तिची चूक आहे. कोणी म्हणायचं राजाची. तुम्ही म्हणालात चादरी. मी वाट बघायचे, कोणीतरी एकदा म्हणेल, अगं, त्या पोरीला वाचवा. कोणी म्हणालंच नाही."

बाहेर बेबी दत्तूच्या मागे मागे फिरत होती आणि तो तिला खोलीत येऊ देत नव्हता. तिचा आवाज येत होता. मंदा तो ऐकत होती. मूठ अजून बंदच होती.

मी पाण्याचा तांब्या उचलला, तिची बोटं एक एक करून उघडली आणि गोळ्या तिच्या तळव्यावर नीट मांडल्या.

"त्या चारूला सासू नव्हती," मी म्हटलं. "म्हणून मेली. तोंड उघड."

तिनं उघडलं. मी गोळी ठेवली, पाणी दिलं. गिळल्यावर म्हटलं, "आता गाल दाखव. हा. आता तो दुसरा."